रकान्यात बसवलेली माणसे : वऱ्हाडातील वासाहतिक नोंदी आणि यवतमाळच्या जमाती

१९१६ साली आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यात ‘आंध’ या नावाखाली एक छोटी नोंद आहे. नोंदीच्या आरंभी आंध ही वऱ्हाडातील शेती करणारी एक कनिष्ठ ‘जात’ आहे; १९११ साली तिची संख्या ५२ हजार होती आणि वस्ती यवतमाळ, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत होती. लगेच पुढे हेच आंध तेलुगू मुलखातून आलेली अनार्य ‘जमात’ होतात. आधी जात, मग जमात. हे अंतर लेखकांना खटकलेले दिसत नाही, आणि त्या काळी त्यामुळे कुणाचे काही अडतही नव्हते. आज यवतमाळ जिल्ह्यात जात की जमात या प्रश्नाच्या उत्तरावर शिष्यवृत्ती, नोकरी, निवडणुकीतील राखीव जागा आणि कधीकधी जमिनीचा हक्कही ठरतो.

वासाहतिक राजवटीने जाती-जमाती ‘निर्माण’ केल्या, असे आता विद्यापीठीय चर्चेत सहज म्हटले जाते. यवतमाळपुरते तरी हे विधान मला सरसकट मान्य होत नाही. गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा, पारधी ही माणसे साहेब येण्यापूर्वी इथे होती आणि आपापल्या नावाने होती. आईन-ए-अकबरीतल्या वऱ्हाड सुभ्यात कळंब आणि माहूर ही सरकारे आहेत आणि शेजारी चांद्याचे गोंड राज्य होते. हा मुलूख कोरा कागद कधीच नव्हता. इंग्रजी राजवटीने केले ते वेगळे. ज्या माणसांची ओळख एकमेकांशी असलेल्या नात्यातून ठरत होती, त्यांची नावे तिने उचलली, नाती वगळली आणि ती नावे रकान्यांत मांडली. पुढे प्रजासत्ताकाने त्याच रकान्यांना हक्क जोडले. या दोन पायऱ्यांमुळे शेजारी प्रतिस्पर्धी कसे झाले, हे या लेखात पाहायचे आहे.

नात्यांचा मुलूख

केळापूर-वणीच्या डोंगरपट्ट्यात आणि पेनगंगेपलीकडच्या आदिलाबादेत गोंड, कोलाम आणि परधान एकमेकांना लागून राहत आले. १९४०च्या दशकात आदिलाबादेत काम करणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे की, राजगोंड कोलामांना ‘पुजारी’ म्हणत. डोंगराच्या आणि शिवाराच्या काही देवांना कोलामच ओळखतो, त्याच्या हातूनच ते प्रसन्न होतात, अशी गोंडांची श्रद्धा. परधान हे गोंडांचे भाट. किंगरीवर गोंड कुळांच्या उत्पत्तीच्या कथा गाणे हे त्यांचे वंशपरंपरागत काम. प्रत्येक परधान घराण्याची ठरावीक गोंड घराण्यांशी बांधीलकी असे आणि परधानाविना गोंडांचे कुलदैवताचे व मृत्यूनंतरचे विधी पुरे होत नसत. गंमत अशी की, हे परधान घरी मराठी बोलत आणि गात मात्र गोंडीत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात उच्चनीचता होती. परधानाचा दर्जा गोंडापेक्षा खालचा मानला जाई आणि देणाऱ्याचा हात वर असे. पण त्या मुलखात ‘तू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर ‘मी अमक्याचा परधान’ किंवा ‘आम्ही या डोंगराचे पुजारी’ असे येई. उत्तरात दुसरा माणूस हजर असे.

बंजाऱ्यांचेही तसेच. ते स्वतःला ‘गोर’ म्हणतात, मराठी गावकरी त्यांना ‘लमाण’ म्हणतात आणि सरकारी कागद ‘बंजारा’. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या, मोगलांपासून इंग्रजांपर्यंत सर्वांच्या फौजांना रसद पुरवणाऱ्या या लोकांची ओळख वाटेशी आणि व्यापाराशी बांधलेली होती. एका जिल्ह्याच्या हद्दीत मावणारी ती नव्हतीच.

नदीची हद्द झाली

१८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. कागदोपत्री मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा, म्हणून नाव पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. १९०२ साली लॉर्ड कर्झनने कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे तेव्हाचे नाव वणी. इंग्रजी कागदांत ‘वून’. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

या फेरफारांत पेनगंगा ही दोन राजवटींमधली रेघ झाली. पाण्याच्या दोन्ही बाजूंना तेच गोंड, तेच कोलाम, तेच आंध, तेच तांडे. अलीकडची माणसे इंग्रजांच्या खानेसुमारीत गेली, पलीकडची निजामाच्या. दोन्हींकडे वेगळे अधिकारी, वेगळ्या याद्या, वेगळे जंगल कायदे. त्या वेळी ही सोय कारभाराची होती. तिचे परिणाम शंभर वर्षांनी दिसले.

जमिनीचे मोजमापही याच काळातले. रयतवारी पाहणीने शेत माणसाच्या नावावर चढवले. १८६५च्या पडीक जमिनीविषयीच्या नियमांनुसार वणी जिल्ह्यातील ओसाड गावे भांडवल असणाऱ्यांना इजाऱ्याने दिली गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या नावामागे ‘इजारा’ हा शब्द आजही चिकटलेला आहे. पण सरकारने ज्याला ओसाड म्हटले ते सगळेच रिकामे नव्हते. आज इथे, उद्या तिथे अशी डोंगरउतारावर शेती करणाऱ्याचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसते, म्हणून त्याची जमीन पडीक ठरते. कोलामांचे ‘पोड’ गावाच्या नकाशाबाहेर राहिले ते तेव्हापासून. पुढे ‘डोंगरात राहणारे, मागासलेले’ हे जे वर्णन कोलामांना स्वभावधर्मासारखे चिकटले, त्यात या मोजणीचाही वाटा आहे.

मापे बदलली, माणसे तीच

वऱ्हाडची पहिली खानेसुमारी १८६७ची. तिच्या आधारे आल्फ्रेड लायल यांनी १८७०चे वऱ्हाडचे गॅझेटियर संपादित केले. १८८१च्या वऱ्हाड खानेसुमारीचा अहवाल इ. जे. किट्स यांचा. हे ग्रंथ मी अनेकदा वाचले आहेत आणि त्यांतील कष्टांविषयी मला आदर आहे. दूरच्या मुलखात, अपुऱ्या भाषाज्ञानावर, इतकी माहिती जमवणे सोपे नव्हते. म्हणूनच त्यांचे वाचन काटेकोरपणे केले पाहिजे.

कोलामांचे उदाहरण घ्या. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेम्पल यांनी प्रसिद्ध केली. हिस्लॉप यांनी कोलामांना गोंडांच्या गटात बसवले आणि पुढचे लेखक त्यांच्याच आधाराने तसे लिहीत राहिले. मग भाषेचे माप आले. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६च्या चौथ्या खंडात कोलामी ही गोंडीपासून वेगळी भाषा म्हणून आली. एमेनो यांनी १९५५ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. म्हणजे रोटीबेटीच्या मापाने, देवाच्या मापाने आणि भाषेच्या मापाने कोलामांची तीन वेगळी उत्तरे येत होती. स्वतःला ‘कोलावर’ म्हणवणाऱ्या माणसात या काळात काही बदलले नव्हते. बदलत होती ती मोजपट्टी.

परधानांवर तर हे माप उलटेच बसले. रसेल-हिरालाल त्यांना गोंडांची कमी दर्जाची शाखा ठरवतात. देणारा आणि गाणारा यांच्यातले परस्परांचे नाते नोंदीत उतरताना खालच्या-वरच्या पायरीचे होते. भाटाविना यजमानाचा विधी अडतो, ही बाब तपशिलात येते; वर्गीकरणात मात्र येत नाही.

धर्माचा रकाना आणखी अवघड. १९०१ आणि १९११च्या खानेसुमारीत ‘ॲनिमिस्ट’ असा वर्ग होता. १९३१ साली त्या जागी ‘जमातींचे धर्म’ आले. कोलामांचा मोठा देव भीमायक. या नावात महाभारतातला भीम ऐकू येतो आणि पूजा मात्र डोंगरातली, स्वतःच्या पुजाऱ्याची. गणना करणाऱ्या शिक्षकाने किंवा पटवाऱ्याने याला हिंदू लिहावे की ॲनिमिस्ट? त्याने जे लिहिले ते त्याच्या समजुतीचे उत्तर होते. कोलामाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

पोलिसांनी सांगितलेला बंजारा

रसेल-हिरालालांच्या ग्रंथातील बंजाऱ्यांवरचा लेख मोठा आणि वाचनीय आहे. त्याचे आधार पाहिले की थबकायला होते. मुख्य आधार आहे वऱ्हाड पोलीस खात्यातील कंबरलेज यांचे टिपण. दुसरा आधार मेजर गनथॉर्प यांचे १८८२चे गुन्हेगार जमातींवरचे पुस्तक. म्हणजे बंजाऱ्यांचे गोत्र, लग्न, देव, नायकाचा अधिकार यांविषयी जे ज्ञान ग्रंथात स्थिर झाले, त्याचा बराचसा भाग संशयिताची माहिती ठेवणाऱ्याच्या दप्तरातून आला. कंबरलेज यांची निरीक्षणे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. काही ठिकाणी ती आपुलकीचीही आहेत. पण पोलीस जे विचारतो त्याचेच उत्तर त्याला मिळते.

काळही लक्षात घेतला पाहिजे. अमेरिकन यादवीच्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. बैलांच्या तांड्यांचा धंदा बसला. ज्यांच्या रसदीवर राजवटी लढाया जिंकत, ते एका पिढीत ‘ठावठिकाणा नसलेले’ झाले. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा याच पिढीत आला. आधी वाट काढून घेतली आणि मग वाटेवर असणे हाच संशय ठरवला.

पारध्यांच्या बाबतीत तर एका समाजाचे तुकडे झाले आणि ते अजून सांधले गेलेले नाहीत. महाराष्ट्राच्या यादीत फासेपारधी अनुसूचित जमातीत, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. हातात फासा होता की पाल ठोकून राहत होते, यावर आजच्या मुलीची शिष्यवृत्ती ठरते.

प्रजासत्ताकाचे वारसदारपण

इथवरचा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळे होता येते. तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८७४च्या ‘शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स’ कायद्यापासून १९३५च्या कायद्यातील वगळलेल्या क्षेत्रांपर्यंत एक समजूत दृढ झाली होती : आदिवासी हा विशिष्ट भूभागाला बांधलेला असतो. ही समजूत आपण तशीच उचलली. स्वातंत्र्यानंतरच्या यादीत वऱ्हाड-चांद्याच्या गोंड, कोलाम, आंध आदी जमातींना मान्यता होती ती मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ या तहसिलींपुरती. दारव्हा आणि पुसद यादीबाहेर.

याचा अर्थ काय होता? यवतमाळ तहसिलीतला गोंड आदिवासी आणि शेजारच्या दारव्ह्यातला त्याचा साडू आदिवासी नव्हे. आंधांची मोठी वस्ती पुसद भागात. म्हणजे नाव यादीत आणि गाव यादीबाहेर. पेनगंगेपलीकडे, पूर्वीच्या निजामी मुलखातल्या नांदेडात, आंध जिल्हाभर जमात होते. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठली. त्यानंतर १९७१ ते १९८१ या दहा वर्षांत महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची नोंदलेली संख्या सुमारे २९.५ लाखांवरून सुमारे ५७.७ लाखांवर गेली. एवढी माणसे दहा वर्षांत जन्मली नव्हती. काही इतकी वर्षे वगळलेली होती आणि काही नामसाधर्म्याच्या आधारे आत आली होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एकत्र घडल्यामुळेच पुढचा सगळा अविश्वास जन्माला आला.

बंजाऱ्यांचे चित्र याहून विलक्षण. महाराष्ट्रात ते विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, आणि पेनगंगा ओलांडून तेलंगणात गेले की १९७६च्याच कायद्याने अनुसूचित जमाती. याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचेच भाऊबंद तीन राज्यांत तीन घटनात्मक नावांनी जगत होते. तेलंगणातल्या मान्यतेने आदिलाबादेत गोंड आणि लंबाडा यांच्यात तेढ वाढत गेली आणि २०१७ साली ती उघड संघर्षापर्यंत पोहोचली. इकडे २०२५च्या सप्टेंबरात हैदराबाद गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळावा म्हणून बंजारा समाजाचे मोर्चे निघाले आणि त्याविरुद्ध आदिवासींचेही निघाले.

एका शब्दाची किंमत किती असू शकते, हे विदर्भाने पाहिले आहे. यादीतला शब्द ‘गोंड गोवारी’. तो गोवारी समाजाला लागू होतो की नाही, या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मेली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे असल्याचे सांगितले. त्याआधी २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले होते की, राष्ट्रपतींच्या आदेशातील शब्द आहे तसाच वाचायचा. त्यात भर घालण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण तो शब्द यादीत आला कुठून, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही. तो प्रश्न अभ्यासकाचा आहे.

कागदाने दिलेले संरक्षण

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. जुनी नोंद नसेल तर खऱ्या कोलामाचे रक्षण कोण करणार? १९५०पूर्वीचा कोतवाल पंजीचा उतारा, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हीच तर गरिबाची ढाल आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, चालीरीती विचारून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी ही निर्णायक कसोटी नव्हे आणि घटनापूर्व कागदाला मोठे वजन आहे. मला हे मान्य आहे. किंबहुना माझ्या दृष्टीने कोतवालाची नोंद ही साहेबाच्या ग्रंथापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते. ती गावातल्या माणसाने, गाव ज्याला जे म्हणते ते, जन्ममृत्यूच्या निमित्ताने लिहिलेली असते. तिला सिद्धान्त मांडायचा नसतो.

अडचण येते ती ग्रंथातल्या वर्णनाचे रूपांतर कसोटीत होते तेव्हा. अनुसूचित जमातीचे निकष १९६५ साली लोकूर समितीने मांडले : आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, इतरांशी संपर्काचा बुजरेपणा आणि मागासलेपण. हे निकष परधानाला लावून पाहा. ज्याचे कामच दारोदार जाऊन गाणे, तो बुजरा कसा असेल? ज्याची घरची भाषा मराठी, त्याची संस्कृती ‘वेगळी’ कशी सिद्ध व्हायची? यादीत त्याचे नाव आहे म्हणून तो तरला. निकषांवर बसवला असता तर कदाचित नापास झाला असता. निकष बनले ते रसेलच्या काळातल्या कल्पनेतून. नात्यांच्या मुलखातून नव्हेत.

रकाना ओलांडणारे

लोकांनी हे सगळे गप्प बसून सोसले असेही नाही. दिलेल्या नावांत त्यांनी आपला अर्थ भरला. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडांच्या धर्मपरंपरेची मांडणी ‘कोया पुनेम’ म्हणून केली. ‘ॲनिमिस्ट’ या परक्या शब्दाला दिलेले ते उत्तर होते. यवतमाळच्या मातीतले कवी भुजंग मेश्राम यांनी १९९० साली आपल्या संग्रहाला ‘उलगुलान’ हे नाव दिले. मुंडांच्या बंडाचा शब्द विदर्भातल्या मराठी कवीने आपला म्हणावा, यात मोठी झेप आहे. मुंडा, गोंड, कोलाम हे वेगळे रकाने आहेत. ‘आदिवासी’ ही रकान्यांवरून जाणारी ओळख आहे. वासाहतिक सत्तेने पाडलेल्या तुकड्यांतून शोषितांनी एक व्यापक नाव घडवले. गोर बंजाऱ्यांनीही पोहरादेवीभोवती आणि गोरमाटी बोलीभोवती राज्यांच्या सीमा ओलांडणारी आपली ओळख जागती ठेवली आहे.

म्हणून गॅझेटियर फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. ते उंचावून मोर्चात नेणाऱ्यांनाही हसणार नाही. त्यांच्या हाती दुसरा पुरावा राज्याने ठेवलेलाच नाही. माझे म्हणणे इतकेच की, हे ग्रंथ साक्षीदार म्हणून वाचावेत आणि साक्षीदाराला जे विचारतात ते त्यांनाही विचारावे. तुम्ही कोण? हे कुणाकडून ऐकलेत? कशासाठी लिहिलेत? ‘जमात’ हा शब्द त्या वर्षी तुमच्या खात्यात कोणत्या अर्थाने चालत होता? हैदराबादचे गॅझेट असो की वऱ्हाडचे, बंजाऱ्यांच्या बाजूने असो की विरोधात, हे प्रश्न दोन्ही पक्षांनी सारख्याच कठोरपणे विचारले पाहिजेत. मराठी अभ्यासकांनी हे काम केले नाही, तर ते वकिलांकडे जाईल, आणि वकिलाला आपल्या सोयीचे वाक्य पुरते.

आणखी एक काम आहे, आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. गोंड कुळांच्या पिढ्या, स्थलांतरे, देवांची ठिकाणे परधानांच्या गाण्यांत साठवलेली आहेत. कोलामांचे पुजारीपण त्यांच्या डोंगरांच्या नावांत आहे. हा दप्तरखाना इंग्रजांनी बांधलेला नाही आणि त्यात माणसे एकमेकांच्या नात्यासह नोंदलेली आहेत. आज त्याच परधानाचा नातू पांढरकवड्याच्या किंवा पुसदच्या कचेरीत पणजोबाच्या नावाचा एका ओळीचा उतारा शोधत उभा असतो. त्याचे आजोबा किंगरीवर दुसऱ्यांची वंशावळ रात्रभर गात असत. ती गाणी ध्वनिमुद्रित करून, गोंडी आणि मराठीत उतरवून, विद्यापीठांनी आणि आदिवासी संशोधन संस्थांनी पुराव्याच्या दर्जाला आणली, तर रसेल आणि हिरालाल यांच्या शेजारी निदान एक दुसरा साक्षीदार उभा राहील.